पानं हलवायची दोरी

वडाच्या पोटात बसलं की जग एका फटीएवढं उरतं. ती फट सिमेंटच्या दोन पारंब्यांमध्ये होती, वीतभर उंच आणि दोन बोटं रुंद. बाहेरून तिच्यावर एक फायबरचा पोपट बसवलेला होता. पोपटाच्या पोटाखालून मला फरशीचं गोल अंगण दिसायचं, मुलांना बसायचे सहा बाक दिसायचे, मागे उंच पाळण्याचा खालचा भाग आणि त्याच्याही पलीकडे उसाची हिरवी रेघ. पाळण्यातली माणसं फटीत खालून यायची आणि वर जाऊन नाहीशी व्हायची. थंडीत सकाळी धुकं असलं तर पाळण्याचे लोखंडी हात दिसायचे नाहीत, नुसते रिकामे डबे एकामागून एक तरंगत जायचे. पाटसच्या बाजूनं वारा असला तर कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास झाडाच्या पोटात शिरायचा. तो वास, पंख्याची घरघर आणि ते डबे, यात मी पुष्कळदा जागा आहे की नाही हे मला सांगता आलं नसतं.

अशी अकरा वर्षं गेली. आता ती कुणाला सांगताना मला ती माझीच आहेत का अशी शंका येते.

आमच्या पार्कचं नाव 'झुळूक'. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत सोडून चौफुल्याकडे निघालं की त्याची लाल-पिवळी कमान दिसते. पोपटरावांनी आपल्या उसाच्या जमिनीवर ते उभं केलं, तेव्हा आख्ख्या दौंड तालुक्यानं त्यांना वेड्यात काढलं होतं. मी त्या वेळी पलीकडे शिरूर तालुक्यात, तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत ग्रंथपाल होतो. पुस्तक द्यायचं, तारखेचा शिक्का मारायचा आणि खाली बघायचं, एवढंच माझं मुलांशी बोलणं. गोष्टीच्या तासाला मात्र मला वाचून दाखवावं लागे. मुलांसमोर उभं राहिलो की माझा आवाज घशात अडकायचा, म्हणून मी कपाटामागे उभा राहून वाचत असे. मुलांना तेच आवडू लागलं. पोपटराव शाळेच्या कमिटीवर होते. एकदा त्यांनी दारातून ते ऐकलं आणि मी निवृत्त झाल्यावर घरी आले. म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला कपाट लागतंय. मी सिमेंटचं करून देतो."

तो बोलका वड. मागच्या बाजूला मेंदीच्या कुंपणाआड एक बुटकं दार, आत एक स्टूल, टेबलपंखा, माइक, आणि छतातून लोंबणारी एक नायलॉनची दोरी. ती ओढली की वरच्या फांद्यांची फायबरची पानं सळसळायची.

पोपटरावांनी झाडाचे नियमही घालून दिले होते. गुरुजी झाडात शिरताना किंवा झाडातून निघताना कुणा मुलाला दिसता कामा नयेत. म्हणून मी गेट उघडायच्या आधी आत जायचो आणि दुपारच्या सुट्टीशिवाय बाहेर यायचो नाही. त्यापायी सकाळचा चहा मी अकरा वर्षं सोडला. दुसरा नियम असा की झाड खोटं बोलणार नाही. मुलं काय वाटेल ते विचारायची. मासे झोपतात का, आमच्या बाईंचं वय काय, मेलेलं कुत्रं परत येतं का. जे येत असेल ते सांगायचं. जे येत नसेल, किंवा सांगण्यासारखं नसेल, त्याला उत्तर द्यायचं नाही. नुसती पानं हलवायची. मुलांना ते बरोबर कळायचं. झाड विचार करतंय, असं एकमेकांच्या कानात सांगून ती गप्प बसायची. मला आयुष्यभर अशी एक दोरी हवी होती.

बाहेरच्या माणसांत माझ्याशी, म्हणजे झाडाशी, रोज बोलणारं एकच माणूस होतं. लालबी. यवतची. नवरा गेल्यानंतर पार्कात झाडलोटीला लागली होती. माझ्या आधीपासून तिथं होती. मुलगा टेम्पो घेऊन कायम बाहेरगावी आणि नात लुबना तिच्यापाशी, आता नववीत. सहा वाजता गेट बंद झालं की ती वडाचं अंगण झाडायला यायची आणि झाडता झाडता बोलायची. आत एक म्हातारा बसतो हे तिला ठाऊक होतंच, पण तिनं कधी मागच्या दाराशी येऊन हाक मारली नाही आणि मीही कधी बाहेर डोकावलो नाही. मी तळेगावच्या बसनं भीमेचा पूल ओलांडून येणार, ती यवतहून येणार, त्यामुळे वाटेतही गाठ नाही. तिच्यासाठी मी वडबाबा. "वडबाबा, आज पोरांनी लई चिवड्याचा कचरा केलाय, तुमी काय गोष्ट सांगितली का चिवडा वाटला?" असं ती म्हणायची. पेरूच्या दिवसात एक पेरू पारंबीच्या खोबणीत ठेवून जायची. मी माइक हळू करून "आभारी आहे" म्हणायचो. माइकमधून तो आवाज इतका भारदस्त निघे की मलाच बरं वाटे.

मग सहली कमी झाल्या. पूर्वी डिसेंबर-जानेवारीत दिवसाला तीस-पस्तीस बसगाड्या उभ्या राहायच्या. नंतर दहा, नंतर चार. शाळांना आता किल्ले दाखवायचे असतात किंवा हुरडा पार्टीला न्यायचं असतं. त्याऐवजी कॉलेजची पोरंपोरी येऊ लागली, कंपन्यांचे गट येऊ लागले. त्यांना पाण्याच्या लाटा हव्या, गाण्यावर पावसात नाचायला हवं, बर्फाची खोली हवी. दोन वर्षांपूर्वी पोपटरावांनी कारभार मुलाकडे, सत्यजीतकडे दिला. त्यानं गेटवर लोकांकडून फॉर्म भरून घेतले. माझ्या वडाबद्दलचे फॉर्म त्यानं मला वाचायला दिले होते, दुष्टपणे नव्हे, गुरुजींना खरं कळावं म्हणून. बहुतेकांनी लिहिलं होतं, फोटो छान येतो. एकानं लिहिलं होतं, झाड जास्त बोलतं.

"लोकांना आता ऐकायचं नसतं, गुरुजी," सत्यजीत म्हणाला, "दिसायचं असतं."

मी वर छताकडे पाहिलं. तिथं ऑफिसात दोरी नव्हती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, त्यानं मला परत ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्याचे डोळे झोप नसल्यासारखे होते. मार्चपासून पार्कची नवी मांडणी होणार होती. टॉय ट्रेन, घसरगुंड्या, आरसेमहाल, सगळं निघणार होतं. त्याबरोबर माणसंही. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना एकदम पत्रं द्यायची, तोवर कुणाला काही कळता कामा नये, नाहीतर आठवडाभर कुणी कामच करणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. यादी त्यानं पेन्सिलीनं खरडली होती, ती नीट लिहून हवी होती. एरवी असली कामं सुमैया करायची, ऑफिसातली टायपिंगची मुलगी. पण सुमैयाचं नाव यादीत सातवं होतं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," सत्यजीत म्हणाला. "आणि तुम्ही कुणाशी बोलत नाही."

मी लिहून दिली. एकेचाळीस नावं. कागद चांगला होता आणि शाईही चांगली होती, आणि लिहिताना मी एकदाही थांबलो नाही याची मला पुढे फार लाज वाटली. मी नावं काना-मात्रा पाहून लिहीत होतो, जशी शाळेत पुस्तकांची लिहायचो. पाळण्यावरचा दत्ता. टॉय ट्रेनचे दोघे. कॅन्टीनच्या सिंधूबाई. झाडलोटीच्या बायकांपैकी कुणी नव्हतं. कचरा तर होणारच, असं काहीसं सत्यजीत बोलला. मी लालबीचं नाव शोधलं आणि नाही हे पाहिल्यावर पुढची नावं लिहायला मला सोपं गेलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालबी आली. नेहमीसारखी बडबडत आली नाही. झाडू पारंबीला टेकवून ती पहिल्या बाकावर बसली, जिथं मुलं बसतात तिथं. पाळणा थांबलेला होता. त्याच्या एका डब्यात ऊन सापडल्यासारखं अडकलं होतं.

"वडबाबा," ती म्हणाली, "एक इचारायचं हाय."

मी माइक लावला.

तिनं सांगितलं ते असं. पार्कात माणसं कमी करणार अशी कुजबुज तिच्या कानावर आली होती. इकडे मल्हारी नावाचा एक ठेकेदार कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला बायका भरत होता. बारमाही काम. त्याची जीप शनिवारी दुपारी बाराला चौफुल्यावरून निघणार, जी बाई जीपमध्ये बसली तिचं नाव लागलं, जी नाही बसली तिला तो पुन्हा विचारत नाही. लालबीला जायचं नव्हतं. इथं यवत जवळ, दिवेलागणीला लुबनापाशी घरी पोचता येतं, आणि इतक्या वर्षांची सवय. पण इथलं गेलं आणि तिथलंही हुकलं, तर लुबनाची शाळा सुटणार आणि तिला उसाच्या फडाकडे धाडावं लागणार. तेवढं सोडून काहीही, असं ती म्हणाली.

"माझं नाव यादीत असंल तर जाते. नसंल तर कशाला जाऊ? तुमी ऑफिसात गेलता काल. पाळण्यावरची पोरं म्हणली, झाड सायबाकडं गेलंय." ती जरा हसली. "झाड खोटं बोलत न्हाई, व्हय ना?"

मी दोरी हातात घेतली होती. हे मला नक्की आठवतं. ती ओढायची होती, बस. सांगण्यासारखं नसेल तर पानं हलवायची, हा नियमच होता. सत्यजीतला शब्द दिला होता. पण ती बाकावर एखाद्या मुलासारखी बसली होती, आणि माझ्याकडे या वेळी खरं उत्तर होतं, तेही चांगलं. माझ्याकडे चांगलं उत्तर असण्याचे प्रसंग फार थोडे आले. मी दोरी सोडली.

"नाही," मी म्हणालो. "तुझं नाव नाही."

वडाचा आवाज अंगणभर फिरला आणि आरसेमहालाच्या भिंतीवरून परत आला. लालबी उठली. तिनं तळहात खोडावर ठेवला, बरोबर तिथं जिथं आतून माझं डोकं टेकलेलं होतं, आणि मग झाडू उचलून कामाला लागली. झाडता झाडता ती काहीतरी गुणगुणत होती. त्या रात्री मी घरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवारी संध्याकाळी सत्यजीतनं पुन्हा बोलावलं. यादीत सहा नावं वाढली होती. झाडलोट पुण्याच्या एका एजन्सीला द्यायची ठरली होती, त्यांच्या मशिनी असतात, माणसंही तेच आणतात. पेन्सिलीनं लिहिलेल्या सहा नावांत तिसरं नाव लालबीचं होतं.

मी पेन उघडलं. पेन बंद केलं. सत्यजीतनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, चष्मा पुसतो. मग लिहिलं. त्याला सांगायला हवं होतं की मी तिला तसं म्हणून बसलोय. पण ते सांगायचं तर शब्द मोडल्याचं सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा लिहिणं सोपं होतं.

शुक्रवारी लालबीची सुट्टी असते. मी दिवसभर झाडात बसून वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर तिला काय सांगायचं ते लिहीत राहिलो. पहिला मसुदा फार लांब झाला. दुसऱ्यात माझ्याच चुकीबद्दल जास्त होतं. संध्याकाळपर्यंत तीन वाक्यं उरली. शनिवारी ती सकाळी येणार, दहा-साडेदहाला वडाकडे कचऱ्याची गाडी घेऊन येणार, तेव्हा मी ती तीन वाक्यं झाडातून बोलणार. चौफुला तिथून पायी वीस मिनिटं. हे सगळं मी एवढ्या वेळा मनात घडवून पाहिलं की झोपेतही लालबी बाकावर बसलेली आणि मी वाक्यं बोलतोय असं चालू राहिलं. स्वप्नात फक्त एकच गोष्ट वेगळी होती. तोंड उघडलं की माझ्या तोंडातून पानं येत होती.

शनिवारी भीमेवर दाट धुकं होतं. पुलावर आमची बस चालत होती की उभी होती कळत नव्हतं. मी आठला झाडात शिरलो, पंखा लावला, माइकचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग खाली वाकून पाहिलं तर वायर भोकातून बाहेर ओढून घेतलेली होती, आणि जिथं आवाजाचं यंत्र असायचं तिथं चौकोनी स्वच्छ जागा होती, आजूबाजूला अकरा वर्षांची धूळ. दुपारी कॉलेजचा मोठा गट येणार होता, त्यांच्या पावसातल्या नाचासाठी ते यंत्र आणि माझे दोन्ही भोंगे रात्रीच काढून नेले होते. कुणी मला सांगितलं नव्हतं. झाडाला काय सांगायचं.

दहा वाजले, साडेदहा. लालबी आली नाही. तिला आधी नाचाच्या चौथऱ्याकडे झाडायला पाठवलं असावं. अकराला एक शाळेची बस आली, त्या महिन्यातली शेवटची असेल. तीसेक मुलं रांगेनं येऊन बाकांवर बसली आणि त्यांच्या बाई म्हणाल्या, विचारा झाडाला. मुलांनी विचारायला सुरुवात केली. मी काय करणार, पानं हलवली. दुसऱ्यानं विचारलं, पानं हलवली. तिसऱ्या प्रश्नानंतर एक मुलगा म्हणाला की झाडाला काहीच येत नाही.

आणि मग फटीच्या डाव्या कडेनं कचऱ्याची गाडी आत आली, तिच्यामागे लालबी.

मी ओरडलो. सिमेंटच्या झाडाची भिंत नऊ इंच जाड असते. माझा आवाज माझ्याच अंगावर पडला, फटीतून जो निसटला तो मुलांच्या गलक्यात विरला. ती वीस फुटांवर होती, वाकून कागद उचलत होती. मी दोरी धरली आणि ओढत राहिलो. सगळ्या फांद्या वादळात सापडल्यासारख्या हलू लागल्या, मुलं टाळ्या पिटू लागली. लालबीनं वर पाहिलं, हसली, झाडाकडे हात हलवला आणि गाडी ढकलत फटीच्या उजव्या कडेकडे निघाली. घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. गाडी गेली. मग तिचा पदर गेला. फटीत पाळण्याचे रिकामे डबे राहिले.

मी तिथंच बसून राहिलो असतो. माझ्या स्वभावात तेच आहे. तीन वाक्यांचा कागद हातात होता, त्याच्याकडे बघत दुपारपर्यंत बसलो असतो आणि मग रविवारी तिला पत्र मिळाल्यावर आणखी एक मसुदा केला असता. पण बाहेर ती मुलं पुन्हा प्रश्न विचारत होती, आणि कुणीतरी अगदी लहान आवाजात विचारलं, "झाडा, तू आत आहेस ना?"

मी दार उघडलं. मेंदीचं कुंपण ओलांडताना धोतर अडकलं, तेवढं सोडवून मी झाडाला वळसा घातला आणि तीस मुलांच्या समोरून चालत गेलो. एकदम शांत झालं. मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा निघाला झाडातून. बाईंनी त्याला गप्प केलं. मला वाटलं होतं की असं घडलं तर जमीन दुभंगेल. फरशी जशी होती तशीच राहिली, नुसती उन्हानं कोमट लागली पायाला, कारण मी चपला आतच विसरलो होतो.

लालबी आरसेमहालाच्या कोपऱ्यावर होती. मी तिला गाठलं आणि हाक मारली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. आमची नजरानजर अशी पहिल्यांदाच होत होती. ती माझ्यापेक्षा उंच होती, हे मला फटीतून कधी कळलं नव्हतं.

तीन वाक्यं हातातल्या कागदावर होती. वाचायला चष्मा नव्हता.

"लालबी, तुम्ही चौफुल्याला जा," मी म्हणालो. माझा आवाज फार बारीक निघाला. "तुमचं नाव यादीत आहे. परवा चढलं. मीच लिहिलं."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या मागे, वडाकडे.

"झाड तर न्हाई म्हणलं व्हतं."

"तेव्हा नव्हतं. म्हणून म्हणालो. म्हणायला नको होतं. पानं हलवायला पाहिजे होती."

"आन् आत्ता हलवत व्हता ते?"

"तुम्हाला हाक मारत होतो."

तिनं पोटावरचा हिरवा ॲप्रन सोडला, घडी केली, कचऱ्याच्या गाडीवर ठेवली आणि झाडू माझ्या हातात दिला.

"हाक मारायला तोंड हाय की, आबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. "हे धरा."

आणि ती निघाली. कामगारांचं मागचं गेट लांब पडतं, म्हणून ती सरळ मोठ्या कमानीतून बाहेर पडली, जिथून फक्त तिकीटवाले जातात. ती पळत नव्हती, पण फार भराभर चालत होती. कमानीपर्यंत दिसली, मग हायवेवरच्या उसाच्या ट्रॅक्टरांआड गेली.

मी झाडू घेऊन वडाच्या अंगणात परत आलो. मुलं बाकांवर तशीच होती. एक मुलगी पुढे आली आणि तिनं विचारलं की मी झाड आहे का. मी म्हणालो, नाही, मी आत बसतो. ती थोडी हिरमुसली. मग तिनं विचारलं, आत अंधार असतो का. मी म्हणालो, फटीपुरता उजेड असतो. त्यावर बाकीच्यांनीही विचारायला सुरुवात केली आणि मी उभ्या उभ्या, झाडूच्या आधारानं, जी येत होती ती उत्तरं दिली. घसा अडकला, पण सुटलाही. पलीकडे पावसाच्या नाचाचं यंत्र सुरू झालं होतं. माझ्याच भोंग्यांतून दुसऱ्याचं गाणं येत होतं, आणि ते खरंच खूप मोठ्यानं येत होतं.

सत्यजीत दुपारी आला तेव्हा मी अंगण झाडून बाकावर बसलो होतो. त्याला सगळं कळलं होतं. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्या शेजारी, मुलांच्या बाकावर, गुडघे वर घेऊन बसला आणि काही वेळ पाळण्याकडे बघत राहिला. लहानपणी तो त्या पाळण्यात झोपायचा, त्याचे वडील हिशेब करीत असायचे तेव्हा, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, बाकीच्यांना उद्याच कळू दे, एवढं तरी करा. मी मान हलवली. उठताना तो थांबला.

"यादीत अठ्ठेचाळीस जण आहेत, गुरुजी. तुम्ही सत्तेचाळीसच लिहिलेत. शेवटचं मी माझ्या हातानं लिहिलं. तुमच्याकडून ते लिहून घेणं मला बरं वाटेना."

मला हे समजायला थोडा वेळ लागला. झाड राहणार होतं, त्याला दिव्यांच्या माळा लावून फोटोची जागा करणार होते. झाड राहणार म्हणजे मीही राहणार, असं मी धरून चाललो होतो. कुणी तसं म्हटलं नव्हतं.

रविवारी पत्रं मिळाली. त्या संध्याकाळबद्दल मला लिहिता येईल असं वाटत नाही. माझ्याच अक्षरातली यादी समोर भिंतीवर लावलेली होती आणि माणसं तिच्यावर बोट फिरवत होती. सुमैया म्हणाली, किती सुंदर लिहिलंय. ती टोमणा मारत नव्हती.

पुढच्या गुरुवारी मी माझ्या वस्तू आणायला गेलो. चार पुस्तकं, वही, डबा. सकाळची वेळ होती, धुकं विरळ झालं होतं. पाळणा उतरवायला घेतला होता. अर्धे डबे गवतावर ओळीनं ठेवले होते, एखाद्या स्टेशनात माणसं थांबावीत तसे. वडाच्या अंगणात पोचलो तर पहिल्या बाकावर लालबी बसली होती. कुरकुंभला गुरुवारी सुट्टी असते. ओळखपत्र परत करायला आली होती.

मी उभाच राहिलो. तिनं हातानं बाक दाखवला. मी बसलो, मध्ये दोन मुलं मावतील एवढी जागा सोडून.

तिनं सांगितलं की जीप निघायच्या बेतात होती. मल्हारी म्हणाला, उशीर केला. ती म्हणाली, मी न्हाई, झाडानं केला. बाकीच्या बायका हसल्या आणि सरकून जागा दिली. काम उभ्यानं आहे, पाय दुखतात. लुबना संध्याकाळी शेजारच्या सुषमाकडे बसून अभ्यास करते. कंपनीत बोलायला कुणी नाही, म्हणजे बायका आहेत, पण मशिनीच्या आवाजात ऐकू येत नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मी ऐकत होतो. इतक्या जवळून ऐकायची सवय नसल्यानं माझा एक कान गरम झाला होता.

मग ती म्हणाली, "आत कसं हाय ते कदी बगितलं न्हाई."

मी तिला दार दाखवलं. मला वाटलं आपण एकत्र बघू, पण आत एकाच माणसाची जागा. ती वाकून शिरली आणि दार ओढून घेतलं. मी वळसा घालून पुन्हा अंगणात आलो आणि बाकावर बसलो. झाड समोरून असं मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पोपटाचा रंग उडाला होता. त्याच्या पोटाखालच्या फटीत काळोख होता आणि त्या काळोखात कुणीतरी आहे हे स्पष्ट कळत होतं. गेली अकरा वर्षं सगळ्यांना ते असंच कळत असणार.

अंगणात कुणी नव्हतं. मी घसा साफ केला. कुणाला काही विचारायचं म्हणजे मला आधी दोन-तीनदा मनात म्हणून बघावं लागतं. या वेळी तसं केलं नाही.

"वडबाबा," मी म्हणालो, "आता मी कुठं जाऊ?"

उसावरून वारा येत नव्हता, एक पातंही हलत नव्हतं. मग वर, फांद्यांच्या अगदी टोकाला, आधी एक पान हललं, मग दुसरं, आणि मग सगळं झाड हळूहळू सळसळू लागलं.

मी गप्प बसून राहिलो. झाड विचार करत होतं.